पडदा सुटा मिळत नाही

नाटकात एक माणूस असा असतो, की त्याला प्रवेश नाही, पोशाख नाही, टाळी नाही. आणि पहिल्या घंटेपासून शेवटचा पडदा पडेपर्यंत सुटकाही नाही. शहरगावी त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. तिसगावजवळच्या बोरमळ्यात त्याला 'पामटर' म्हणत, आणि बोरमळ्याचा पामटर म्हणजे गहिनीनाथ. जत्रेच्या नाटकात तो कनातीच्या आडोशाला उकिडवा बसायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडाची एक तिरीप गुडघ्यावरच्या पुस्तकावर पडली की त्याला पुरे. राजा, प्रधान, कपटी सेनापती, रुसलेली राणी (मिशा काढलेला मच्छिंद्र), सगळ्यांची वाक्यं आधी ह्याच्या ओठांवर यायची आणि मग त्यांच्या.

कुजबुजणं ही काय कला आहे, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून पाहावं. वाक्य नटाच्या कानात पडलं पाहिजे, पण पहिल्या सतरंजीवर बसलेल्या पोलीस पाटलाच्या कानाला त्याचा वाराही लागता कामा नये. गहिनीनाथाला हे साधलं होतं. घात व्हायचा तो आबासाहेबाकडून. आबासाहेब म्हणजे गावचा कायमचा राजा. उंचापुरा, डोळे टपोरे, आवाज असा की मारुतीच्या देवळातली घंटा आपसूक थरथरावी. पण पाठांतराच्या नावानं शंख. एकदा भर दरबारात त्याची वाचा बसली. गहिनीनाथानं आतून पुरवलं, 'शत्रू वेशीपाशी आला.' आबासाहेबानं तलवार उपसली आणि गर्जना केली, 'प्रधानजी, सासू वेशीपाशी आली!' त्या रात्री त्या वाक्याला जेवढी टाळी पडली, तेवढी पुढं कुठल्याच वाक्याला पडली नाही. आबासाहेब आजही छाती पुढं काढून सांगतो, की ते मी मुद्दाम केलं.

ह्या सगळ्यात गहिनीनाथ घरी मात्र बोलत नसे. घसा जत्रेसाठी राखून ठेवायचा, हा त्याचा नेम. साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला मुका नवरा दिला. मग तिच्या ध्यानात आलं, की हा चुलीपाशी बसून भाकरी खाताना ओठ हलवतोय. नाटक पाठ करतोय. आवाज नाही, नुसते ओठ. भाकरी थापता थापता ती त्या ओठांकडं बघत राहायची, आणि काही वर्षांत तिला ते वाचता येऊ लागले. अक्षर एक ओळखत नव्हती, पण नवऱ्याचे ओठ सरळ वाचायची. जत्रेआधी गावातल्या बायका पाण्यावर तिला गाठून विचारायच्या, यंदा राणी मरती का वाचती?

तिचा नाटकाशी आणखी एक संबंध होता. एका साली ऐन प्रयोगात मुख्य पडदा उभा फाटला. मंडळींनी कपाळाला हात लावले. साळूबाईनं दाभण घेतलं, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला आणि कंदिलाच्या उजेडात ठिगळ मारून दिलं. निळ्या पडद्यावर ते हिरवं ठिगळ पुढं कित्येक वर्षं होतं. लांबून ते झाडासारखं दिसायचं, आणि ज्या नाटकात जंगल असेल त्यात तर फारच शोभायचं.

नाटकं संपली. ती कशी संपली ह्याचं रडगाणं इथं नको. पेट्रोमॅक्स माळ्यावर गेले, कनाती उंदरांनी खाल्ल्या, आबासाहेबाच्या मिशा पिकल्या. आणि मग गहिनीनाथाच्या गळ्यात गाठ निघाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं, पण त्यासाठी आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास तिथून चालायचा, वरून उपरणं. ओठ हलायचे, जीभ हलायची, पण आत आवाजच नव्हता. ज्यानं आयुष्यभर गावाला बोलतं केलं, त्याच्यावर ही वेळ यावी ह्याची हळहळ सगळ्यांनी केली. तेव्हा त्याचा मुलगा ज्ञानेश्वर, जो टेम्पो घेऊन पुण्याला कांदा पोचवायचा, त्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक यंत्र आणलं. दिसायला हातातल्या बॅटरीसारखं. त्याची टोपी हनुवटीखाली गळ्याला टेकवायची, बटण दाबायचं, की आतला पातळ पडदा थरथरतो. ती थरथर गळ्यातून तोंडात जाते, आणि ओठांनी तिचे शब्द करायचे. डबक्याकाठचा बेडूक आणि पिठाची गिरणी ह्यांनी मिळून बोलावं तसा आवाज. पण आवाज.

त्यात एकच खोट होती. ते यंत्र कुजबुजू शकत नव्हतं. एका सकाळी गहिनीनाथानं साळूबाईला, आपल्या समजुतीनं गुपचूप, सांगितलं की शेजारचा अजिनाथ हल्ली दुधात पाणी घालतोय. भिंतीपलीकडून लगेच उत्तर आलं, "ऐकलं बरं का, नाना. उद्यापास्नं पाण्यात दूध घालतो."

आणि मग एक नवल झालं. गहिनीनाथ बोलायला लागला. घसा राखून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं सांगण्यात गेला. आता हा गडी स्वतःची सांगू लागला. लहानपणी हरवलेल्या शेळीची गोष्ट, वडिलांनी मारलेल्या थपडेची गोष्ट, पावसानं नाटक मोडलं त्या रात्रीची. आबासाहेब संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा आणि कुरकुरायचा, की जन्मभर ह्यानं मला बोलायला लावलं, आता म्हातारपणी ऐकायला लावतोय. एके दिवशी जेवताना गहिनीनाथानं यंत्र गळ्याला लावलं आणि घरघरत म्हणाला, भाकरी चांगली झालीय. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच आलं होतं. साळूबाईनं आधी संशयानं परातीत डोकावून पाहिलं. मग पदराला डोळे पुसले आणि आणखी एक भाकरी वाढली.

असं ते यंत्र घरात माणसासारखं झालं होतं, आणि त्यातूनच पुढचा अनर्थ घडला.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, पहार, कुऱ्हाड, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर, ज्ञानेश्वरचा टेम्पो, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. ज्याच्यावर घर चालतं त्याच्यापुढं वर्षातून एकदा वाकायचं. गहिनीनाथ आंघोळीला गेला होता. साळूबाईनं पाटावर सगळं मांडलं आणि तिची नजर कोनाड्यातल्या यंत्राकडं गेली. ज्यानं घर चालतं त्याची पूजा करतो, तर ज्यानं घर बोलतं त्याची का नाही? तिनं ते उचललं आणि विळ्याच्या शेजारी मानाच्या जागी ठेवलं. विळ्याला तिनं नुसतं पाणी शिंपडलं. यंत्राला मात्र माया जास्त. हळदीच्या पाण्यानं धुतलं, टोपीवर बोटभर कुंकू भरलं, वर नारळाचं पाणी सोडलं आणि हात जोडले.

गहिनीनाथ आला. पाटावरचं कुंकवानं माखलेलं यंत्र पाहून त्याला हसू फुटलं. पुसून त्यानं ते गळ्याला लावलं, बटण दाबलं. पोटात गुडगुडावं तसा आवाज आला, मग बारीक कण्हल्यासारखा, आणि मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. लोक आपट्याची पानं घेऊन आले, सोनं घ्या नाना, म्हणाले. नाना पानं घेत होता आणि हात जोडत होता. साळूबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. गहिनीनाथ तिच्यामागं जाऊन उभा राहिला. तुझी चूक नाही, असं त्याचे ओठ म्हणाले. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. पण ओठ वाचायला समोरच्यानं बघावं लागतं, आणि साळूबाई वर बघत नव्हती. लिहून द्यावं तर तिला वाचता येत नव्हतं, आणि सुनेकरवी वाचून घ्यावं असं ते वाक्य नव्हतं. गहिनीनाथाला तेव्हा समजलं, की आवाज कशासाठी असतो. पाठ फिरवलेल्या माणसाला गाठायला.

त्या दिवसापासून ती ताट पुढं सरकवायची ती खाली मान घालून.

तिसगावच्या बाजारात आमोसचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आमोस बडबड्या माणूस, नाताळात चर्चचे कर्णे लावतो, जत्रेत देवीचे लावतो, आणि दोन्हीकडं आवाज फाटला की दोन्हीकडच्या शिव्या खातो. गहिनीनाथाची सून मोनिका त्याच्याकडं यंत्र घेऊन गेली, सोबत गहिनीनाथ. आमोसनं ते कानाशी हलवलं, हुंगलं, आणि म्हणाला की ह्याच्यातून देवळाचा वास येतोय. झालेलं सांगितल्यावर तो खूप हसला, मग गहिनीनाथाचं तोंड पाहून कामाला लागला. बहुतेक पडदा गंजलाय आणि कुंकवानं चिकटलाय, म्हणाला. बदलला की झालं. पण यंत्राच्या बुडाला जे स्क्रू होते ते भलत्याच घाटाचे, पाच पाकळ्यांच्या फुलासारखे. त्यांना लागणारा पेचकस बाजारात नव्हता, आणि वर कंपनीचं सील. मोनिका म्हणाली, जोर लावून बघा ना. आमोसनं यंत्र खाली ठेवलं.

"फोडायला काय, एक हातोडा पुरे. उघडायला चावी लागती, वहिनी. आणि उघडून तरी करू काय? पडदा आणू कुठनं?"

मोनिकानं कंपनीला फोन लावला. अर्धा वेळ गाणं ऐकवून झाल्यावर पलीकडचा माणूस बोलला. गुडगुडून बंद पडलं म्हणजे पाण्यानं खराब झालंय, तेव्हा वॉरंटी लागू नाही. मोनिका म्हणाली, ठीक, पैसे घेऊन दुरुस्त करा. ते मॉडेल बंद झालंय, दुरुस्त होत नाही. मग नुसता पडदा द्या, आम्ही बसवून घेतो. ह्यावर त्यानं जे वाक्य म्हटलं ते पुढं त्या घरात म्हणीसारखं झालं: "मॅडम, पडदा सुटा मिळत नाही." नवं मॉडेल घ्या, म्हणाला.

ज्ञानेश्वर म्हणाला, घेऊ नवं. कांदा निघाला की घेऊ. पण गहिनीनाथानं मान हलवली. पाटी ओढून त्यानं लिहिलं, 'पडदा फाटला म्हणून कोणी अख्खं नाटक टाकून देतं का?' आबासाहेबानं ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. तो हट्ट होता, हे खरं. पण नुसता हट्ट नव्हता. नवं यंत्र आलं तर जुनं मेलं असं होईल, आणि ते साळूच्या हातून मेलं असं कायमचं राहील, हे त्याच्या मनात होतं. नीट झालं तर मात्र ते नुसतं आजारी पडलं होतं, एवढंच.

मोनिका गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसते, आणि हातात मोबाईल असल्यावर तिचं डोकं चालतं. तिनं शोधून काढलं, की आपल्या वस्तूची दुरुस्ती आपल्याला हव्या त्या कारागिराकडून करून घेता यावी, सुटे भाग आणि माहिती मिळावी, ह्यासाठी सरकारनं 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक संकेतस्थळ काढलंय. बऱ्याच कंपन्यांची नावं त्यावर होती. ह्या कंपनीचं नव्हतं. वेगळा असा कायदा अजून व्हायचा आहे, पण ग्राहकाला दाद मागायचा रस्ता आहे. तिनं आधी १९१५ ह्या ग्राहकांच्या नंबरवर तक्रार केली. कंपनीनं तिथंही तेच उत्तर दिलं. मग तिनं नगरच्या ग्राहक आयोगाकडं तक्रार नेली. आयोगानं दोन्ही बाजूंना विचारून प्रकरण आधी मध्यस्थीला पाठवलं. समोरासमोर बसा, जमतंय का बघा.

मधे संक्रांत येऊन गेली. जो येई तो गहिनीनाथाच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणे, गोड बोला. सवयीनं तोंडातून जायचं, आणि मग माणूस जीभ चावायचा. गहिनीनाथ हसून मान डोलवायचा. साळूबाई तेव्हाही आत होती.

मध्यस्थीची तारीख आली तेव्हा प्रश्न पडला, बोलायचं कुणी? मोनिकाच्या केंद्रावर त्याच दिवशी तपासणी होती. ज्ञानेश्वर गाडीवर. आबासाहेब एका पायावर तयार होता, पण त्याला पाठवायचं म्हणजे सासू वेशीपाशी यायची. शेवटी ठरलं, की साळूबाईनं बोलायचं आणि गहिनीनाथानं शेजारी बसायचं. ओठ तो हलवील, आवाज तिचा.

मग ओट्यावर तालीम झाली. कितीतरी वर्षांनी त्या ओट्यावर तालीम. आबासाहेब कंपनीचा माणूस झाला, काखेत ज्ञानेश्वरची बॅग, आवाज खर्जातला. त्यानं दरडावून विचारलं, यंत्र कशानं बंद पडलं? सगळ्यांचं मत एकच होतं, की कुंकवाचं नाव काढायचं नाही. पाणी गेलंय असं ते म्हणतात ना, म्हणू देत. सिद्ध करू देत. आपण म्हणायचं, आपोआप बंद पडलं. गहिनीनाथाला हे फारसं रुचलं नव्हतं, पण आवाजाची भूक मोठी होती. त्यानंही मान हलवली. साळूबाईनं ते वाक्य पाठ केलं. 'आपोआप बंद पडलं.' पाच-सहा वेळा म्हणवून घेतल्यावर आबासाहेबानं निर्वाळा दिला, की बाई माझ्याहून बरी आहे.

नगरला खोली लहान होती. मधे टेबल, एका बाजूला हे दोघं, समोर कंपनीचा माणूस, आणि मधोमध मध्यस्थ बाई. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं हळू. कंपनीचा माणूस पुण्याहून आलेला, अंगानं बारीक, गळ्यात टाय. बाईंनी काही विचारलं की तो मोबाईलकडं बघायचा, बोट फिरवायचा आणि मग उत्तर द्यायचा. गहिनीनाथानं हे क्षणात हेरलं. ह्यालाही कुणीतरी मागून पाठ सांगतंय. आणि सांगणारा काही फार चांगला नाही. वाक्य उशिरा येतंय. त्याला त्या पोराची कीवच आली.

मध्यस्थ बाईंनी चष्मा लावला आणि साळूबाईला विचारलं, यंत्र बंद कसं पडलं ते सांगाल का?

साळूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. दसऱ्यानंतर इतकं सरळ पहिल्यांदाच पाहिलं. त्याचे ओठ हलले: आपोआप बंद पडलं. तिनं वाचलं. वाचलेलं तिच्या डोळ्यांत दिसलं. आणि मग तिनं मान वळवली, अगदी शांतपणे, बाईंकडं.

नटानं पामटरकडं पाठ केली की काय होतं, हे गहिनीनाथाइतकं कुणाला माहीत?

"बाई, ते म्या बिघडवलं," साळूबाई म्हणाली. "खंडेनवमीला पूजा केली. हळदीचं पानी घातलं, कुकू भरलं, नारळाचं पानी वतलं. आमचं मानूस त्याच्यातनं बोलतं, म्हनून विळ्याच्या शेजारी मांडलं. मला वाटलं देवाचं कराया लागलोय."

कंपनीच्या माणसानं मोबाईल खाली ठेवला, कारण आता त्याला पाठ सांगायची गरजच नव्हती. समोरच्यानंच त्याचं वाक्य म्हणून टाकलं होतं. तो म्हणाला, म्हणजे हे तुम्हालाही मान्य आहे, की चूक तुमची आहे. मग आमची काही जबाबदारी राहत नाही.

नट भरकटला की पामटरनं काय करायचं, ह्याचा एक जुना नियम आहे. तोंड मिटायचं. उगाच मागचं वाक्य पुरवत बसायचं नाही, नाहीतर तो आणखी गोंधळतो. पुस्तकात बोट ठेवून थांबायचं, आणि तो कुठल्या पानावर निघतोय ते बघायचं. गहिनीनाथ थांबला. गुडघ्यावर पुस्तक नव्हतं, तरी त्याचं बोट गुडघ्यावर होतं.

"चूक माझी, व्हय," साळूबाई म्हणाली. "नवं मागत न्हाई आमी. फुकट बी मागत न्हाई. ह्यांच्या नाटकाचा पडदा फाटला हुता, तवा म्या माझ्या लुगड्याचं ठिगळ लावलं. ज्याच्याकडनं पडदा घेतला त्यो म्हनला न्हाई, की ठिगळ लावायचं न्हाई, नवं नाटक घ्या. वस्तू घेतली ती आमची झाली का न्हाई? मोडली बी आमीच. मग नीट करायला तुमी आडवं का येता? यवढासा पडदा द्या, आन ती उघडायची चावी द्या. बाकी आमचं आमी बघू."

एवढं बोलून ती थांबली, आणि तिला आता पुढचं सुचेना. तिनं नवऱ्याकडं वळून पाहिलं. ही ती जागा. गहिनीनाथाचे ओठ अचूक हलले, आणि तिनं एक श्वासही न दवडता ते म्हटलं:

"बोलायचं हाय त्यांना. मला न्हाई."

मध्यस्थ बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, की वॉरंटीचा विषय संपला, साळूबाईंनी तो स्वतःच संपवला. आता तुम्ही मला एवढंच सांगा, की पडदा तुमच्याकडं आहे की नाही. तो मोबाईलकडं बघायला लागला. बाई म्हणाल्या, मोबाईलमध्ये बघून नको, बाहेर जाऊन फोनवर बोलून या.

तो बाहेर गेला. व्हरांड्यातून त्याचा आवाज येत होता, आधी हळू, मग जरा चढलेला. गहिनीनाथ कान देऊन ऐकत होता. पोरगा आता स्वतःची वाक्यं बोलत होता, हे त्याला आवाजाच्या चढावरूनच कळलं. आत आला तेव्हा टाय सैल झालेला. म्हणाला, मॉडेल बंद झालं, पण जुने पडदे गोदामात पडून आहेत. ते सुटे विकायचे नाहीत एवढीच पद्धत होती. पद्धत म्हणजे काय, विचारत कुणी नव्हतं. मग बोलणं भराभर झालं. कंपनी रास्त किमतीत पडदा देईल, त्या स्क्रूंचा पेचकस देईल, आतला आराखडा देईल, आणि दुरुस्ती आमोसनं केली तरी हरकत घेणार नाही. सह्या झाल्या. साळूबाईनं अंगठा उठवला. जाताना त्या पोरानं थांबून तिला विचारलं, आजी, पूजेत खरंच मानाच्या जागी ठेवलं होतं आमचं यंत्र? ती म्हणाली, व्हय, विळ्याच्या आधी फूल त्याला. तो हसला, आणि ते हसू कुणी सांगितलेलं नव्हतं.

एसटीत खिडकीशी साळूबाई आणि शेजारी गहिनीनाथ. ती बाहेर बघत होती, त्यामुळं दसऱ्याला राहिलेलं वाक्य सांगायची सोय नव्हती.

पार्सल आलं ते होळीच्या सुमाराला. तिसगावचा आठवडी बाजार भरला होता. आमोसनं दुकानातला रेडिओ बंद केला, नवा पेचकस हातात घेऊन त्याचं पाच पाकळ्यांचं टोक उजेडात फिरवून पाहिलं, आणि हा आपल्या दुकानात लावायला हवा म्हणाला, हार घातलेला फोटो लावतात तसा. स्क्रू निघाले. यंत्र उघडलं. आत लाल-पिवळा चिखल वाळून बसला होता. आमोस ब्रशनं एकेक कण काढत होता आणि बडबडत होता, की आजवर अनेक रेडिओ उघडले, झुरळं निघाली, पाली निघाल्या, एकात तर गायब झालेली नथ निघाली, पण सवाष्ण निघाली ती ह्याच्यातच. जुना पडदा काढला. गंजून त्याला बारीक भोक पडलं होतं. नवा बसवला. नाण्याएवढी चकती, तिच्यासाठी एवढं सगळं.

साळूबाई दुकानाच्या दारात उभी होती, रस्त्याकडं तोंड करून. तिला बघवत नव्हतं. पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं. समोर मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, बायकांची घासाघीस.

आमोसनं यंत्र पुढं केलं. "बोला, नाना. वन टू थ्री म्हणा. कर्णे लावताना तेच म्हणत्यात."

गहिनीनाथानं ते हनुवटीखाली टेकवलं. बटणावर अंगठा ठेवला. वन टू थ्री त्याच्या ओठांवर आलंच नाही. समोर त्या बाईची पाठ होती. दसऱ्यापासून त्यानं तीच पाहिली होती.

"साळे," यंत्र घरघरलं.

तिची पाठ हलली, पण ती वळली नाही. आता वळायची गरजही नव्हती.

"कुकवाचा राग नव्हता गं. एका दिसाचाबी नव्हता. तवाच सांगत हुतो. तू बघतच नव्हतीस."

ते यंत्र कुजबुजू शकत नाही, हे मघाशी सांगितलंच आहे. मेथीवाल्या म्हातारीनं तराजू खाली ठेवला. मिरचीवाल्याचं गिऱ्हाईक मागं वळलं. पलीकडच्या चहावाल्यानं गाळणी हवेत धरली. भर बाजारात एक म्हातारा आपल्या बायकोशी गिरणीच्या आवाजात बोलत होता, आणि मेथीवाली न राहवून म्हणाली, "आवं बाबा, घरी जाऊन सांगा की."

आमोस टेबलावर डोकं टेकून हसत होता. साळूबाई हसत होती की रडत होती, ते तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. मग ती वळली. तिनं यंत्राकडं पाहिलं, स्वच्छ झालेल्या त्याच्या टोपीकडं पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडं.

"पुढच्या नवमीला नुसतं फूल वाहीन," ती म्हणाली.

गहिनीनाथानं यंत्र पुन्हा गळ्याला लावलं.

"कुकूबी लाव. आता पडदा सुटा मिळतो."